बांधापलीकडून पाहणारा

इंदूरहून उज्जैनला जाणारी मोटार सांवेरला काही क्षण थांबते, आणि बहुतेक प्रवाशांना आमचे गाव तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. उरलेल्यांना ते उलट्या हनुमंतामुळे ठाऊक असते. तथापि या गावाची आणखी एक ओळख आहे. ती नकाशात शोधावी लागते. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात ज्या रेषेपासून देशांतर मोजीत, ती मध्यरेषा लंकेहून निघून उज्जयिनीवरून मेरूकडे जाते असे मानलेले होते. सांवेर हे उज्जयिनीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, पक्ष्याच्या वाटेने तेवीस-चोवीस किलोमीटरांवर आहे. म्हणजे जगाचे माप जेथून सुरू होई, ती रेषा आमच्या शिवेला जवळजवळ लागूनच जाते. गावात हे फारसे कोणास ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याने कोणाचे काही अडलेलेही नाही.

अशा गावच्या माणसाने विश्वाच्या सीमेविषयी लिहावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. पण विषय मी निवडलेला नाही, तो घरातूनच आला. विश्वाबाहेर उभे राहून विश्वाकडे पाहता येईल काय, आणि येत नसेल तर आत राहणाऱ्याला त्याविषयी जे कळते ते खरे मानावे काय, हा प्रश्न माझे थोरले बंधू अण्णा यांनी २०२५ च्या आरंभी अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारला.

अण्णांनी आयुष्यभर संस्कृत शिकवले. १९६८ साली त्यांना पुण्यास चांगली नोकरी चालून आली होती. त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, मी शिकत होतो, घरात दुसरे कर्ते माणूस नव्हते. अण्णांनी नकार कळवला आणि ते सांवेरातच राहिले. पुढे पन्नासांहून अधिक वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. आता दुखण्याने पाय बांधले गेल्यावर ते एके दिवशी म्हणाले, "अरे, घड्याच्या आत जन्मलेल्या मुंगीला घड्याचा आकार कसा कळावा? त्यासाठी तिने बाहेर यायला हवे. मला माझे सगळे एकदा बाहेरून पाहायचे होते. ते काही होणे नाही. म्हणून विचारतो, विश्वाचे तरी तसे होते काय?"

प्रश्न विश्वाचा होता. रोख कोठे होता ते मला आणि वहिनींना कळले. पण रोखाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. विश्वाचे थोडेबहुत असू शकेल असे वाटले, कारण माझा धंदा मोजणीचा. मी महसूल खात्यात जमिनीच्या मोजणीवर उभी हयात काढली.

मोजणीदाराला अण्णांच्या घड्याचा दृष्टान्त सहजासहजी पटत नाही. आमच्या उमेदीत हाती जरीब असे. सहासष्ट फूट लांबीची, शंभर कड्यांची ती साखळी. काळ्या मातीत ती ओढीत, एका चांद्याच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत जाऊन आम्ही शेताचे त्रिकोण पाडीत असू. तिन्ही बाजू मोजल्या की त्रिकोण कागदावर उतरे. मग एक कर्ण निराळा मोजून ताळा पाहायचा. ताळा जुळला की शेत नकाशात आले. शेताचा आकार कळावा म्हणून मी कधी झाडावर चढलो नाही, की उडून वर गेलो नाही. खसऱ्यावर जे वाकडेतिकडे चित्र दिसते, ते वरून पाहिल्यासारखे असते खरे. पण ते काढणारा माणूस सदैव ढेकळांतच उभा असतो. सीमांकनाच्या तंट्यात मात्र दोन्ही बाजूंचे शेतकरी बांधावर उभे राहून छातीठोकपणे सांगत की, येथून सगळे स्पष्ट दिसते. येथून काहीच स्पष्ट दिसत नाही, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. असो.

अण्णांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "शेत लहान, तू मोठा. पृथ्वीचे सांग." आणि मग त्यांनीच भास्कराचार्यांचा गोलाध्याय काढावयास सांगितला. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाने सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्याच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणात आहे. म्हणजे माणूस आपल्या खानदेशाशी बांधलेला. पृथ्वी सपाट का दिसते, याचे त्याने दिलेले उत्तर असे की, कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, तिच्यावरचा माणूस इवलासा. त्याला ती सपाट भासावी यात नवल नाही. हे लिहिणाऱ्याने पृथ्वी बाहेरून पाहिली नव्हती. आत राहूनच, आपल्याला काय दिसेल आणि का दिसेल, याचा हिशोब त्याने केला होता.

याच अध्यायात आमच्या मालव्याचा उल्लेख येतो. विषुववृत्तापासून उज्जयिनी पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे. ते अंतर मोजा, सोळाने गुणा, पृथ्वीचा परीघ हाती येईल, अशी ती रीत आहे. मी आजच्या आकड्यांनी ती करून पाहिली. उज्जैन विषुववृत्तापासून सुमारे २५६५ किलोमीटर. त्याची सोळापट सुमारे ४१,००० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. सोळावा हिस्सा ही ढोबळ संख्या असूनही फरक चाळिसात एकाचाच.

पुढे एक गोष्ट आहे ती वाचताना मला आमच्या गावच्या देवळाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पृथ्वीच्या पलीकडल्या बाजूची माणसे उलटी लटकत असतील काय, या शंकेला भास्कराचार्य उत्तर देतात की, जो जेथे आहे तो पृथ्वी आपल्या पायांखाली आणि आपण तिच्यावर असेच मानतो. पलीकडची माणसे आपल्या हिशोबाने पाण्याकाठच्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी खाली डोके केलेली. पण ती तेथे स्वस्थ उभी आहेत, जशी आपण येथे. सांवेरचा हनुमंत मूर्तीत डोके खाली करून आहे, कारण तो अहिरावणाला मारण्यासाठी पाताळात शिरत आहे, असे लोक सांगतात. अण्णा हसून म्हणाले, "पाताळातल्या भक्तांना आपला हनुमान सरळच दिसत असेल. उलटे देऊळ आहे."

आता केवळ पोथीवर समाधान मानणारा मी नव्हे. अण्णांची मुलगी सोलापुरात असते. सोलापूर आणि सांवेर यांची रेखांशे जवळजवळ एकच, दोन्ही पंचाहत्तर अंश पन्नास कलांच्या आसपास. सोलापूर आमच्या सरळ खाली दक्षिणेस आहे, हे ध्यानात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. २० मार्च २०२५ हा विषुवदिन होता. त्या दिवशी आमच्या अंगणात मी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी केली. पुतणीने तिच्या गच्चीत तशीच केली. घड्याळाच्या बारा वाजता सूर्य आमच्या माथ्यावर येत नाही; आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, शिवाय मार्चात सूर्य आणखी सात-आठ मिनिटे मागे असतो. म्हणून आमचा मध्यान्ह बारा वाजून चौतीस मिनिटांनी. अण्णांची खाट वहिनींनी दारापाशी ओढवली होती. आमची सावली भरली त्रेचाळीस सेंटिमीटर. सोलापूरहून फोनवर आकडा आला बत्तीस. सावल्यांवरून कोन काढले, वजाबाकी साडेपाच अंशांची आली. दोन्ही गावांमधले सरळ अंतर नकाशावर सुमारे ५९० किलोमीटर. साडेपाच अंशांना इतके, तर तीनशेसाठ अंशांना किती? उत्तर आले सुमारे ३८,५०० किलोमीटर.

"भास्कराचार्य तुझ्याहून जवळ गेले," अण्णा म्हणाले. ते खरे होते. पण एक निवृत्त मोजणीदार आणि सोलापुरातली एक गृहिणी यांनी दोन काठ्या रोवून पृथ्वी मोजली आणि चार टक्क्यांच्या आत आणली, याचा आनंद मला आठ दिवस पुरला. (मध्ये वापरलेले ५९० किलोमीटरही कोणी वरून पाहून सांगितलेले नव्हते, हे येथे नमूद करावेसे वाटते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत एव्हरेस्टने १८२४-२५ साली आमच्या मालव्यातल्याच सिरोंजला पायारेषा साखळीने मोजली. आपले नकाशे त्या साखळीवर उभे राहिले.) आणि उज्जैनची वेधशाळा तरी दुसरे काय करते? सवाई जयसिंहाने बांधलेली ती यंत्रे मोडकळीस आली असता माधवराव शिंद्यांनी १९२३ साली त्यांची डागडुजी केली. ती ज्यांच्या सूचनेवरून झाली त्यांत गो. स. आपटे होते, आणि तेच तिचे पहिले अधीक्षक. चुन्याच्या भिंतीवरून सरकणारी सावली पाहत बसायचे, आणि आकाशाचा हिशोब मांडायचा.

अण्णांनी मात्र मला सुटू दिले नाही. पृथ्वीला बाहेर आहे, म्हणाले. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो-८ मधल्या माणसांनी चंद्राकडून पृथ्वी पाहिली, छायाचित्र वर्तमानपत्रांत आले. पुण्याला नकार कळवला त्याच वर्षी. "ते चित्र पाहून वाटले होते, असे वर जाऊन पाहिले की सगळे कळत असेल." पृथ्वी वाटोळी असल्याचे तोवर कित्येक शतके ठाऊक होते, चित्राने ज्ञान वाढवले नाही, डोळे भरून आले एवढेच. पण अण्णांचा मुद्दा तर्कशुद्ध होता. पृथ्वीबाबत निदान ताळा पाहण्यास बाहेर जाता येते. ज्याला बाहेर नाही त्याचे काय?

येथे मला अण्णांची मुंगी पुन्हा बोलवावी लागली. कार्ल फ्रीडरिख गाऊस हा जर्मनीतला महान गणितज्ञ १८२० नंतरच्या वर्षांत हानोव्हर राज्याची जमीन मोजण्याच्या कामावर होता. आमच्याच धंद्यातला माणूस म्हणून मला त्याच्याविषयी विशेष ममत्व आहे. त्याने १८२७ साली सिद्ध केले की, पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावरच्या मापांतूनच काढता येते. त्यासाठी पृष्ठभागाबाहेर पाऊल टाकण्याची गरज नाही. विषुववृत्तावरून सरळ उत्तर ध्रुवापर्यंत जा, तेथे काटकोनात वळून पुन्हा विषुववृत्तावर उतरा, आणि परत काटकोनात वळून निघाल्या जागी या. त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज दोनशेसत्तर अंश. शाळेतल्या एकशेऐंशीपेक्षा नव्वद जास्त. हे नव्वद अंश म्हणजेच पृथ्वीचा वाटोळेपणा. घड्यातल्या मुंगीच्या हाती जरीब दिली, तर घड्याचे पोट किती फुगीर आहे ते ती घड्याबाहेर न येता सांगेल.

अर्थात मुंगीलाही मर्यादा आहेत. कोरा कागद गुंडाळून नळी केली, तर तिच्यावरच्या त्रिकोणांची बेरीज एकशेऐंशीच राहते. मुंगीला नळी ओळखता येत नाही, जोवर ती पूर्ण फेरा घालून निघाल्या जागी येत नाही. हे अण्णांपासून लपवणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

गाऊसचा शिष्य रीमान याने १८५४ साली हाच विचार केवळ पृष्ठभागांपुरता न ठेवता अवकाशाला लावला, आणि १९१७ साली आइन्स्टाइनने असे विश्व मांडले की जे परिमित आहे, पण त्याला काठ नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोजके आहे, पण कोठे तिची कड लागून माणूस खाली पडत नाही, तसे. ज्याला काठ नाही त्याला काठाबाहेरची जागा असण्याचे कारण नाही. सामान्य माणसाची समजूत येथेच अडते. आपण चित्र काढतो ते फुग्याचे काढतो, आणि फुगा म्हटला की तो कोणाच्या तरी खोलीत असतो. गणिताला ती खोली लागत नाही.

मग विश्वाची जरीब कोणी ओढली? १९६४-६५ साली अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन या दोघांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे एक मंद प्रारण सापडले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.७ अंश. आज सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या मतानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे; हे प्रारण त्याच्या आरंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळे झाले, आणि तेव्हापासून ते चालत आले आहे. त्यात फार सूक्ष्म असे कमी-अधिक उष्ण ठिपके आहेत. त्या ठिपक्यांची खरी लांबी भौतिकशास्त्राच्या नियमांनी काढता येते. अंतर माहीत आहे. आणि आकाशात ते केवढे दिसतात हे मोजता येते. पाया, बाजू, कोन. त्रिकोण तयार झाला! अवकाश वक्र असते तर ठिपके मोठे किंवा लहान दिसले असते. ते सुमारे एक अंशाचे, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढे दिसतात. प्लांक या उपग्रहाने केलेल्या मोजणीतून, इतर निरीक्षणांची जोड घेऊन, निघालेला निष्कर्ष असा की अर्ध्या टक्क्याच्या आत ताळा सपाट अवकाशाशी जुळतो. एवढ्या मोठ्या त्रिकोणाचा ताळा जुळल्याचे वाचून मी ते कागद हातात घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो.

"म्हणजे बांध सापडला नाही," ते म्हणाले.

नाही सापडला. सपाट म्हणजे अनंत असेलच असेही नाही. गुंडाळलेल्या कागदाची शंका उरतेच. आणि जेवढ्या विश्वातून प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला, तेवढ्याच्या पलीकडेही विश्व असावे. तेथे कोणी असेल तर त्याचे क्षितिज निराळे. त्याच्या दृष्टीने कदाचित आपणच क्षितिजाबाहेर. पण तो विश्वाबाहेरचा नव्हे. तो शेजारच्या गावचा.

खऱ्या बाहेरच्या प्रेक्षकाविषयी काय म्हणता येईल? पाहणे म्हणजे प्रकाशाने येऊन डोळ्यांवर पडणे. विश्वातला प्रकाश ज्याच्या डोळ्यांपर्यंत गेला, तो विश्वाशी जोडला गेला. बाहेरचा राहिला नाही. प्रकाश गेला नाही, तर त्याला दिसले नाही. यात पळवाट नाही. शिवाय सगळे एकदम पाहायचे तर कोणत्या क्षणाचे? आपल्याला सूर्य दिसतो तो आठ मिनिटांपूर्वीचा, देवयानी दीर्घिका पंचवीस लाख वर्षांपूर्वीची. साऱ्या विश्वाला लागू पडेल असे एकच 'आता' सापेक्षतावादाने १९०५ सालीच काढून घेतले आहे.

या जोडलेपणाचा सर्वांत कडवा पुरस्कार आपल्या एका माणसाने केला. जयंत विष्णु नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात वस्तूचे वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नाही. विश्वातल्या इतर सर्व कणांच्या प्रभावातून ते तिला मिळते. बाकीचे विश्व काढून टाकले तर उरलेल्या एकट्या कणाला वस्तुमानच नाही. हा विचार बाहेरच्या प्रेक्षकाला लावून पाहावा. तो खरोखर बाहेर असेल, तर त्याच्या अंगी वजन राहणार नाही; त्याला उभे राहता येणार नाही, डोळाही उघडता येणार नाही. विश्व पाहण्यास विश्वातच असावे लागते. हा सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही, आणि विश्वाला महास्फोटातून आरंभ झाला हे मत नारळीकरांनीही अखेरपर्यंत स्वीकारले नाही. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह त्याला पर्याय मांडला. ते बहुमताविरुद्ध उभे राहिले म्हणून मला मोठे वाटत नाहीत. विरुद्ध उभे राहूनही प्रत्येक नव्या मोजणीला उत्तर देत राहिले, म्हणून वाटतात.

आपल्या अंकाच्या वाचकांना त्यांच्या चरित्रातला एक भाग जवळचा वाटेल. वडील विष्णु वासुदेव नारळीकर कोल्हापूरचे, केंब्रिजला शिकलेले. १९३२ साली ते काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले आणि सापेक्षतावादाचा अभ्यास त्यांनी तेथे रुजवला. जयंतरावांचे शिक्षण काशीत झाले. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आईकडून संस्कृत. तरीही मराठीत विज्ञानकथा लिहिल्या त्या त्यांनी, आणि २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मराठी आत्मचरित्राला मिळाला. पुण्याकडचे पाहुणे आमच्या घरी येतात तेव्हा कौतुकाने म्हणतात, "तुम्ही महाराष्ट्राकडे बाहेरून पाहता, तुम्हाला बरे दिसते." होळकर-शिंद्यांच्या फौजेमागोमाग आलेली आपली घराणी, अडीच शतके होऊन गेली. ज्याच्या घरात पुरणाला आणि दालबाफल्याला एकच चूल, त्याने आत म्हणावे की बाहेर? मला तरी कधी बाहेर असल्याचे जाणवले नाही. मालव्याच्या बाबतीतही नाही.

आग्रा-मुंबई रस्त्याने खाली उतरताना सेंधव्यानंतर शिरपूर लागते. अभय अष्टेकर १९४९ साली तेथे जन्मले. पुंज सिद्धान्तात नेहमी गृहीत असते की, प्रयोग पेटीत आणि पाहणारा पेटीबाहेर. पण पेटीच जर सारे विश्व असेल तर पाहणारा बसवायचा कोठे, या अडचणीला तोंड देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा. पण प्रश्न शिरपूरच्या माणसालाही तोच पडला, हे अण्णांना फार आवडले.

२० मे २०२५ ला नारळीकर पुण्यात निवर्तले. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले की, ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात परम व्योमात बसून सर्व पाहणारा एक अध्यक्ष आहे, आणि सूक्ताचा कर्ता शेवटी त्याच्याविषयीही शंका घेतो, की त्याला तरी ठाऊक असेल, वा नसेल. "इतके दिवस मी ते अर्धेच शिकवले," ते म्हणाले. "विद्यार्थ्यांना सांगायचो की कवी नम्र आहे. तो नम्र नाही. बाहेर बसून कळते यावरच त्याचा विश्वास नाही." हा अर्थ पंडितांना मान्य होईल की नाही, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी एक सुचले. कृष्णाने माती खाल्ली म्हणून यशोदा त्याचे तोंड उघडून पाहते, आणि तिला आत सारे विश्व दिसते. ही कथा आपल्या प्रत्येक घरात लहानपणी सांगितली जाते. पण सांगताना एक तपशील बहुधा गळतो. भागवतात यशोदेला त्या विश्वात गोकुळही दिसते, आणि गोकुळात स्वतः यशोदाही. बाहेरून पाहायला गेलेली आई आत उभी असलेली दिसली! अण्णांनी हे सांगितले तेव्हा वहिनी त्यांचे पाय चेपीत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तिने काय केले?" अण्णा म्हणाले, "काय करणार? ती विसरली आणि तिने मुलाला मांडीवर घेतले."

पुण्याचा विषय त्यांनी त्यानंतर एकदाच काढला, तोही माझ्यापाशी नव्हे, पुतणीपाशी. ती आषाढात येऊन राहिली होती. तिने मला मागाहून सांगितले की, बाबा म्हणत होते, वडिलांची आठ वर्षे, धाकट्याचे शिक्षण, तुम्ही मुली, शाळा, ही सगळी मापे माझ्याच हातची आहेत. कर्ण काही मोजता येत नाही, तेवढा ताळा राहिला. मोजणीतली भाषा त्यांनी माझ्याकडून उचलली होती. मी असतो तर सांगितले असते की, कर्ण मोजायला दुसरा माणूस लागतो, साखळीचे दुसरे टोक धरायला. आणि ते टोक पन्नासहून अधिक वर्षे माझ्या हाती होते. सांगायचे राहून गेले. श्रावणात अण्णा गेले.

सप्टेंबरच्या विषुवदिनी सोलापुरावर ढग होते, माप झाले नाही. २०२६ साली गुढीपाडवा १९ मार्चला आला आणि विषुवदिन दुसऱ्याच दिवशी. घरात वर्ष झालेले नसल्याने आम्ही गुढी उभारली नाही. पण काठी माळ्यावर होती, अडीच मीटर भरते. ती अंगणात उभी केली. पुतणीनेही तेवढीच लांब काठी मिळवली होती. बारा वाजून चौतीस मिनिटांनी आमच्याकडे एकशेसात सेंटिमीटर, तिच्याकडे ऐंशी. वहिनींनी आकडे वहीत लिहिले. परीघ सुमारे ३९,१०० किलोमीटर आला. गेल्या वर्षीपेक्षा सहाशेंनी खऱ्याच्या जवळ. पुतणीने फोनवर विचारले, आणखी उंच काठी कोठे मिळेल?